सतराव्या अक्षांशावरचा एक दिवस: व्हिएतनाममध्ये माहितीपटाची रेकी कशी करावी

रेकीचा, म्हणजे शूटिंगआधी जागा पाहून येण्याचा, दिवस वाया जातो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: यादीत जागा जास्त असतात. मध्य व्हिएतनाममधल्या क्वांग त्रीला तर हे हमखास होतं. ह्वे शहरातून निघणाऱ्या सहली एका दिवसात पूल, भुयारं, खे सानचा जुना अमेरिकी लष्करी तळ असं सगळं उरकतात, आणि त्यांचाच कार्यक्रम समोर ठेवून माहितीपटवालेही आपला दिवस आखतात. पर्यटकाला जागा बघायची असते. आपल्याला तिथे उजेड कुठून येतो, आवाज किती आहे, वीज मिळते का, परवानगी कोणाची आणि गाडी कुठे लावायची, हे बघायचं असतं. त्याला एका जागी दोन-अडीच तास सहज जातात. म्हणून हा दिवस तीनच जागांचा आहे: हिएन लुओंगचा पूल, विन्ह मोकची भुयारं, आणि दुपारनंतर त्रुओंग सोनची सैनिकांची दफनभूमी. खे सान यात मुद्दाम नाही. डोंग हा या इथल्या शहराहून ते साठेक किलोमीटर आत, डोंगरात आहे आणि थंडीच्या दिवसांत सकाळी तिथे धुकं बसतं. त्याला वेगळा दिवस द्या.

थोडी पार्श्वभूमी, कारण फ्रेम तिच्यावरच ठरतात. जुलै १९५४च्या जिनिव्हा करारानं व्हिएतनामची तात्पुरती विभागणी सतराव्या अक्षांशाच्या आसपास केली. जमिनीवर ती रेषा म्हणजे बेन हाय नदी, आणि तिच्या दोन्ही काठांना पाच-पाच किलोमीटरचा लष्करमुक्त पट्टा. जुलै १९५६मध्ये निवडणुका घेऊन देश एक व्हायचा होता. त्या निवडणुका झाल्याच नाहीत. कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. आपल्या लष्करातली माणसं या कामासाठी वर्षानुवर्षं व्हिएतनाममध्ये होती. मराठी माहितीपटाला इथे स्वतःचा धागा मिळू शकतो. पुण्या-साताऱ्यात लष्करी घरं पुष्कळ. त्या आयोगावर गेलेल्या कुणाचा अल्बम, पत्रं, ओळखपत्र कुठल्या ट्रंकेत आहे का, ही चौकशी तिकीट काढण्याआधी करा. फोटो मिळालाच तर रेकीला त्याची प्रत बरोबर हवी, म्हणजे तीच जागा, तोच कोन शोधता येतो.

निघण्याआधी

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा, एकदाच प्रवेशाचा २५ डॉलरमध्ये. पण तो पर्यटनाचा. मोबाइलवर फोटो काढत फिरणं त्यात बसतं. कॅमेऱ्यासमोर माणूस बसवून मुलाखत घेणं बसत नाही. परदेशी माध्यमांच्या कामासाठी २०१२चा ८८ क्रमांकाचा आदेश आहे. त्यानुसार अर्ज व्हिएतनामच्या वकिलातीमार्फत त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो आणि त्यात माणसं, तारखा, जागा, विषय हे सगळं लिहावं लागतं. मुंबईतही त्यांचा वाणिज्य दूतावास आहे. पहिली विचारणा तिथे करता येते. रेकीचा खरा उपयोग हाच, की अर्जातली जागांची यादी नेमकी होते. 'क्वांग त्री प्रांतातील युद्धस्थळे' असं मोघम लिहिलेला अर्ज प्रश्न घेऊन परत येतो. 'पुलाचा उत्तर काठ, ध्वजस्तंभाचं आवार, सकाळी ५ ते ८, ट्रायपॉड एक, माणसं चार' असं लिहिलं की बोलणं पुढे सरकतं.

इथे एक ताजी भानगड आहे. १ जुलै २०२५पासून व्हिएतनामने ६३ प्रांतांचे ३४ केले आणि जिल्हा हा स्तरच काढून टाकला. क्वांग त्री आणि शेजारचा क्वांग बिन्ह एक झाले. नाव क्वांग त्री राहिलं, पण मुख्यालय डोंग हाहून डोंग होयला गेलं, म्हणजे उत्तरेला शंभरेक किलोमीटर. जुन्या प्रवासवर्णनांत, जुन्या परवानग्यांच्या नमुन्यांत आणि बऱ्याच नकाशांत अजून 'विन्ह लिन्ह जिल्हा' असतो. पत्रावर जुना पत्ता घातला तर ते पत्र फिरत बसतं. स्थानिक समन्वयकाकडून प्रत्येक जागेचं आजचं प्रशासकीय नाव लिहून घ्या.

नावांचाच दुसरा घोळ उच्चारांचा. व्हिएतनामी लिपीत अक्षरांच्या वर-खाली ज्या खुणा असतात त्या शोभेच्या नाहीत. सूर बदलला की शब्द बदलतो. विन्ह मोकचा 'विन्ह' वेगळा, विन्ह लिन्हचा वेगळा आणि विन्ह नावाचं आख्खं शहर आणखी उत्तरेला, दुसऱ्याच प्रांतात. 'क्वांग'ने सुरू होणारी नावं तर देशभर आहेत. शिवाय क्वांग त्री हे प्रांताचंही नाव आहे आणि डोंग हाच्या दक्षिणेला किल्ला असलेल्या छोट्या गावाचंही. आपण देवनागरीत लिहिलेलं नाव मोठ्यानं वाचलं तर ड्रायव्हर सौजन्यानं मान हलवेल आणि भलतीकडे नेईल. प्रत्येक जागेचं नाव खुणांसकट त्यांच्या लिपीत आणि नकाशावरचा बिंदू, दोन्हीचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवा. नेट नसलं तरी तो उघडतो.

गाडी स्वतः चालवायचा विचार सोडून द्या. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या करारानुसार असतो, व्हिएतनाम १९६८चा करार मानतं. त्यामुळे तो तिथे चालत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. भाड्याची दुचाकीही त्याच कारणाने नको. चार माणसांना सात आसनी गाडी घ्या. मागची रांग पाडून सामान ठेवता येतं. ड्रायव्हरशी आदल्या दिवशी तीन गोष्टी ठरवा: निघायची वेळ, किती तास, आणि त्याच्या जेवणाचे पैसे वेगळे की भाड्यात. चौथी न सांगता कळावी अशी, पण सांगाच: दुपारी कुणी तांदळाच्या दारूचा पेला पुढे केला तर ड्रायव्हरच्या वतीनं तुम्हीच नाही म्हणा. तिथे गाडी चालवणाऱ्यासाठी अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे. घोटभरही चालत नाही.

दुभाषा निवडताना इंग्रजी किती चांगलं, एवढंच बघितलं जातं. क्वांग त्रीत ते पुरत नाही. इथली बोली हनोई किंवा सायगावच्या माणसालाही जड जाते. 'कुठे'ला 'मो', 'तिकडे'ला 'ते', 'का'ला 'रांग', 'असं'ला 'रुआ' हे इथले खास शब्द. ऐंशीच्या घरातल्या आजी बोलायला लागल्या की बाहेरचा दुभाषा अर्धं वाक्य अंदाजानं भरतो, आणि ते तुम्हाला थेट एडिट टेबलावर कळतं. मध्य व्हिएतनामचाच माणूस घ्या, शक्यतो ह्वे किंवा डोंग हाचा.

दुभाष्याला भेटणाऱ्या प्रत्येकाचं वय आधी कळवा. व्हिएतनामी भाषेत सरसकट 'तुम्ही' नाही. समोरच्याला आजी, आजोबा, काका, मावशी, ताई, धाकटा अशा नात्यानंच हाक मारतात आणि स्वतःलाही त्याच हिशोबात 'मी नातू', 'मी पुतण्या' म्हणतात. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण प्रश्नावली इंग्रजीत पाठवली की हे सगळं पुसलं जातं आणि दुभाषा कोरडा, कचेरीतला सूर धरतो. प्रश्न 'आजी, तुम्ही तेव्हा भुयारात किती दिवस होतात?' अशा रूपात त्याला द्या. नावाचंही तसंच: आडनाव आधी, स्वतःचं नाव शेवटी, आणि आदरानं हाक मारायची तीही शेवटच्या नावानं.

सामान कमी ठेवा. रेकीला मोठा कॅमेरा नेला की गावातला प्रत्येक माणूस 'परवानगी कुठे?' असं विचारणार, आणि बरोबरच विचारणार. मोबाइल किंवा छोटा कॅमेरा, एक हातातला साउंड रेकॉर्डर, बंद कानाचे हेडफोन, पाच मीटरची टेप, होकायंत्र (मोबाइलमधलं चालेल, पण लोखंडी पुलावर ते भरकटतं), टॉर्च, सिलिका जेलच्या पुड्या, रेनकोट आणि जाड तळाचे बूट. वीज आपल्यासारखीच २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यामुळे दिव्यांचा फ्लिकर (चित्रातलं लुकलुकणं) टाळायला २५ फ्रेमला शटर १/५० हे आपलं गणित तिथेही चालतं. आपला गोल दोन पिनांचा चार्जर बसतो, तीन जाड पिनांचा प्लग बसत नाही. एक ॲडॉप्टर आणि त्यावर लावायला आपलाच एक्स्टेन्शन बोर्ड नेला की प्रश्न मिटतो. बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच; १०० वॉट-तासांपर्यंतच्या सहसा अडवत नाहीत, १०० ते १६० मधल्यांना विमान कंपनीची आधी परवानगी लागते. ड्रोन घरी ठेवा. त्याच्या उड्डाणाला लष्कराची परवानगी लागते आणि ती रेकीच्या दिवशी मागायची गोष्ट नाही. पुढे शूटला मोठा संच न्यायचा असेल तर एटीए कार्नेवर (सामान जकातीशिवाय तात्पुरतं परदेशी नेण्याचा कागद) विसंबू नका: २०२२पासून व्हिएतनाम तो स्वीकारतं, पण प्रदर्शनांसाठी आणलेल्या सामानापुरताच. निदान भारतातून निघताना विमानतळावरच्या कस्टमकडून कॅमेऱ्यांच्या क्रमांकांसह निर्यात दाखला घ्या, नाहीतर परतताना स्वतःच्याच कॅमेऱ्यावर जकातीचा वाद घालावा लागतो.

महिना कुठला? सप्टेंबर ते डिसेंबर इथे पावसाचे, त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात वाईट. पूर येतात, रस्ते तुंबतात. मे ते ऑगस्ट लाओसकडून येणारा कोरडा गरम वारा असतो. त्याला तिथे 'लाओ वारा'च म्हणतात, आणि तो माइकवर मऊ केसाळ विंडशील्ड असूनही ऐकू येतो. फेब्रुवारी ते एप्रिल सोयीचे, फक्त त्यांच्या नव्या वर्षाचा, तेतचा आठवडा टाळा. सगळं बंद असतं. ३० एप्रिल आणि २७ जुलै या तारखांचं मात्र ठरवून काय ते करा. ३० एप्रिलला पुलावर सोहळा असतो, २७ जुलै हा युद्धातल्या जखमी-हुतात्म्यांचा दिवस, तेव्हा दफनभूमीत देशभरातून कुटुंबं येतात. शूटला या तारखा सोन्यासारख्या, रेकीला निरुपयोगी.

पहाट: हिएन लुओंगचा पूल

मुक्काम ह्वेला करू नका, डोंग हाला करा. ह्वेहून पूल नव्वद-पंचाण्णव किलोमीटर, दोन तास धरा. डोंग हाहून बावीसेक किलोमीटर, अर्धा तास. पहाटेचा उजेड हवा असेल तर हा दीड तास झोपेतून कापला जातो, आणि झोपमोड झालेला साउंडवाला दुपारी काहीही 'ओके' म्हणतो. डोंग हाला रेल्वे स्टेशन आहे, हनोई-सायगाव मार्गावरचं.

मार्चमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जूनमध्ये सव्वापाचला, डिसेंबरमध्ये सव्वासहाला. त्याच्या चाळीस मिनिटं आधी पुलावर उभं राहायचं, या हिशोबानं निघा. घड्याळ भारताच्या दीड तास पुढे असतं. पहिल्या दिवशी मोबाइलनं वेळ बदलली आणि मनगटावरच्यानं नाही, असं होतं. गजर मोबाइलवरच लावा.

जुना पूल १७८ मीटर लांब, फ्रेंचांनी १९५२मध्ये बांधलेला; १९६७मध्ये तो बॉम्बहल्ल्यात पडला. आज जो दिसतो तो नंतर जुन्या धाटणीत पुन्हा उभा केलेला आहे. निवेदनात 'याच फळ्यांवरून' असं लिहायचा मोह आवरा. अर्धा निळा, अर्धा पिवळा: फाळणीच्या काळात दोन्ही बाजू आपापला अर्धा पूल वेगळ्या रंगानं रंगवत, त्याची ती खूण. दोन्ही काठांवरून प्रचंड भोंगे लावून एकमेकांवर प्रचाराचा मारा चाले, झेंडा कोणाचा उंच यावरून चढाओढ चाले. यातले भोंगे आणि ध्वजस्तंभ उत्तर काठावर बघायला मिळतात.

आता काम. नदी साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत कुआ तुंगला समुद्राला मिळते, म्हणजे सकाळचा सूर्य नदीच्या मुखाच्या बाजूनं येतो. पुलाच्या मधोमध उभं राहून त्या दिशेला बघितलं तर पूर्ण बॅकलाइट, नदीच्या वरच्या अंगाला बघितलं तर रंग उठून दिसतात. हे वाचून ठरवू नका. पुलावरच्या तीन जागा निवडा (उत्तर, मध्य, दक्षिण), आणि प्रत्येक ठिकाणी दर वीस मिनिटांनी आठ दिशांचे आठ फोटो काढा. उजेड पडल्यापासून साडेसातपर्यंत. फोटो कंटाळवाणे दिसतील, पण निळा अर्धा किती वाजता सावलीतून बाहेर येतो हे त्यांच्यातूनच कळतं. दुपारी तो उजेड सपाट होऊन रंग धुतल्यासारखे दिसतात.

पण या पुलाचा खरा प्रश्न आवाजाचा आहे. शेजारूनच राष्ट्रीय महामार्ग १चा नवा पूल जातो आणि देशाची उत्तर-दक्षिण मालवाहतूक त्यावरून चालते. हेडफोन घालून मध्यभागी पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि दोन ट्रकांमधली सगळ्यात मोठी शांतता सेकंदात मोजा. वीस सेकंदही सलग मिळत नसतील तर मुलाखत इथे होणार नाही. इथे फक्त चित्र घ्या आणि बोलणं दुसरीकडे. लेपल माइकनं (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) काम भागेल असं वाटतं, पण ट्रकचा धडधडाट खालच्या पट्टीत असतो आणि म्हाताऱ्या माणसाचा आवाजही तिथेच जवळ. फिल्टर लावला की दोन्ही जातात. मग पुलापासून दूर, नदीकाठच्या गावात जा आणि तिथेही तेच करा. तिथे नवा शत्रू भेटेल: गावचा सार्वजनिक लाउडस्पीकर. बऱ्याच गावांत पहाटे आणि संध्याकाळी खांबावरून बातम्या, सूचना आणि गाणी लागतात. त्याची वेळ गावात विचारून लिहून घ्या. जिथे कधी भोंग्यांचं युद्ध झालं तिथे आजचा भोंगा मुलाखतीत येणं कदाचित तुम्हाला हवंही असेल, पण ते ठरवून यायला हवं.

नाश्ता साडेसातला, महामार्गाच्या कडेला. इथली खासियत मरळसारख्या माशाचं पातळ, जाड शेवयांचं कढण. शाकाहारी असाल तर 'आन चाय' हे दोन शब्द पाठ करा. 'चाय' म्हणजे तिथे शाकाहार. चहा हवा असेल तर 'त्रा' किंवा 'चे' म्हणा. मात्र भाजी दिसली म्हणून शाकाहारी समजू नका, 'नुओक माम' हे माशाचं पाणी जवळजवळ सगळ्यात पडतं. मुगाचा किंवा शेंगदाण्याचा चिकट भात 'सोय' बऱ्याच ठिकाणी सकाळी मिळतो आणि पोटाला टिकतो. चांद्रमासाच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी शाकाहारी जेवण जास्त सहज मिळतं.

पैसे देताना नोटा उजेडात बघा: २०,००० डोंग आणि ५,००,००० डोंग दोन्ही निळ्या.

सकाळ: विन्ह मोक

पुलापासून भुयारं वीसेक किलोमीटर, समुद्राकडे. साडेआठपर्यंत पोचा, ह्वेच्या बस साधारण दहानंतर येतात आणि त्यानंतर अरुंद बोळात उलट दिशेनं सरकायलाही जागा नसते.

१९६५-६७च्या सुमारास, बॉम्बवर्षाव वाढला तेव्हा, गावानं लाल मातीत ही भुयारं खणली. तीन मजले, सगळ्यात खालचा वीसेक मीटर खोल. तेरा दारं, त्यांतली सात समुद्राकडे उघडतात. त्यामुळे हवाही खेळे आणि समोरच्या कोन को बेटाकडे रसदही जाई. आत विहीर, बैठकीची जागा, कुटुंबागणिक कोनाडे, आणि एक प्रसूतीची जागा. भुयारात १७ मुलं जन्मली. ती आज साठीच्या आसपास आहेत, म्हणून हा विषय फार वर्षं थांबणारा नाही.

आत शिरण्याआधी कॅमेऱ्याची काळजी. एसी गाडीत थंड झालेली लेन्स दमट हवेत बाहेर काढली की काच क्षणात पांढरी होते. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते. आणि आतल्या काचेवर ओल गेली तर तो दिवस गेला. कॅमेऱ्याची बॅग एसीच्या झोतापासून दूर, बंद ठेवा आणि भुयाराशी पोचलात की बॅग न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा. त्या वेळात छोटं संग्रहालय बघून होतं.

आत टेप काढा. बोळ साधारण मीटरभर रुंद आणि माणूसभर उंच, पण 'साधारण'वर कॉल शीट (शूटच्या दिवसाचं लेखी वेळापत्रक) बनत नाही. जिथे कॅमेरा लावायचा विचार आहे तिथली रुंदी, उंची आणि पुढच्या वळणापर्यंतचं अंतर, ही तीन मापं लिहा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकले तर वाट अडते, म्हणून इथे मोनोपॉड किंवा छोटा स्टँड. उंच कॅमेरामन असेल तर त्याला रेकीतच पंधरा मिनिटं वाकून चालायला लावा. शूटच्या दिवशी दोन तास वाकून त्याचे हात स्थिर राहतील का, हे तिथेच कळतं. आत एका वेळी तीन माणसं पुरे: कॅमेरा, आवाज आणि बोलणारा.

उजेड पिवळ्या, मंद दिव्यांचा. ते दिवे फ्रेममध्ये आले तर जळून जातात आणि भिंत काळी राहते. हाताएवढा एलईडी, त्यावर नारिंगी जेल (दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक कागद), भिंतीवर उसळवून दिला तर मातीचा लाल रंग जागा होतो. समोरून थेट मारलात तर भुयार गोदामासारखं दिसतं. समुद्राकडच्या दाराशी उलटा प्रकार. आत काळोख, बाहेर चकचकीत पाणी, आणि दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये मावत नाहीत. दार कुठल्या दिशेला उघडतं ते होकायंत्रानं लिहा. पूर्वेकडची दारं दुपारनंतर सावलीत जातात, तेव्हा हा फरक निम्म्यावर येतो. दाराचा शॉट दुपारचा, बोळाचा सकाळचा, असं दोन तुकड्यांत वेळापत्रक लावायला लागेल.

आवाज इथे सुंदर आहे. पुलावरून आल्यावर कान एकदम रिकामे होतात. वायरलेस माइक मात्र दोन वळणांनंतर तुटतो, ओली माती सिग्नल खाते. रेकॉर्डर बोलणाऱ्याच्याच कमरेला लावण्याचा पर्याय ठेवा. प्रत्येक मजल्यावर दोन मिनिटं कुणीही न हलता नुसती शांतता रेकॉर्ड करा. ठिबकणारं पाणी, दाराशी लाटांची घुमणारी गाज, आणि मध्ये कुठेच काहीही नाही. एडिटला ही दोन मिनिटं भुयारातल्या फोटोंपेक्षा जास्त कामी येतात.

बाहेर आल्यावर एका बाबतीत कुणाचंही ऐकू नका. क्वांग त्रीत न फुटलेला दारूगोळा अजून जमिनीत आहे; व्हिएतनाममधल्या सर्वाधिक बाधित प्रांतांपैकी हा एक, आणि 'रिन्यू' हा प्रकल्प २००१पासून इथे हेच काम करतो. वाइड शॉट हवा म्हणून मिरीच्या किंवा रबराच्या बागेत, टेकाडावर, झुडपात चार पावलं मागे जाणं ही कॅमेरामनची जन्मजात सवय. ती इथे बंद. मळलेली वाट आणि लागवडीखालची जमीन एवढंच, तेही मालकाला विचारून. जमिनीत धातूचा गंजका तुकडा दिसला तर हात नाही, पाय नाही. आलात त्याच पावलांनी मागे फिरा आणि गावात सांगा. पोलीस ११३, रुग्णवाहिका ११५.

दुपार

साडेअकरा ते दीड कचेऱ्या बंद, संग्रहालयांची तिकीटखिडकीही बऱ्याचदा बंद. जेवून लोक आडवे होतात. या वेळात कुणाच्या घरी जाऊ नका आणि स्वतःही पडा. पहाटे चारला उठलेलं युनिट आहे. दीडनंतर, ज्या घरी पुढे मुलाखत घ्यायची आहे तिथे ओळखीपुरतं जा. चपला दाराबाहेर. समोरच पूर्वजांचा देव्हारा असतो, त्याच्यापुढे बॅग टेकवू नका आणि त्याच्याकडे पाय करून बसू नका. फळं किंवा बिस्किटांचा पुडा दोन्ही हातांनी द्या. हिरवा चहा येईल, तो प्या. नोंदवहीत या घरासाठी चार ओळी हव्यात: खिडकी कुठल्या दिशेला, पंखा बंद करता येतो का, कोंबडा आणि शेजारचा कराओके किती लांब, आणि माणूस दिवसाच्या कुठल्या वेळी ताजातवाना असतो. कॅमेरा काढू नका. पहिल्या भेटीतच खरी गोष्ट सांगून झाली की शूटच्या दिवशी ती दुसऱ्यांदा सांगितल्यासारखीच येते; फार खोलात जाऊ लागले तर चहाकडे वळवा.

शब्दही जपा. आपण 'व्हिएतनाम युद्ध' म्हणतो, तिथे ते 'अमेरिकेविरुद्धचा लढा' असतं. ज्यांच्या घरातला मुलगा दक्षिणेच्या सैन्यात होता त्यांच्याकडे हा शब्दही जड पडतो. दुभाष्याशी आधी ठरवा की नुसतं 'तो काळ' म्हणायचं आणि पुढचं नाव त्यांच्या तोंडून येऊ द्यायचं.

त्रुओंग सोनची दफनभूमी डोंग हाच्या वायव्येला, चाळीसेक किलोमीटरवर. दहा हजारांहून जास्त थडगी, प्रांताप्रांतांनुसार मांडलेली. साडेतीनपर्यंत पोचलात तर तासभर चांगला उजेड मिळतो. दगड पांढरे आहेत, दुपारच्या उन्हात ते ओव्हरएक्स्पोज होतात. एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच) लागेल का ते बघा. प्रवेशाशी उदबत्ती लावून मग आत जा, हीच रीत आहे. थडग्यांच्या मधल्या जागेत पाऊल चुकतं, म्हणून रांगेतून एकेकानं चाला. कुणी कुटुंब आलं असेल तर मोबाइलसुद्धा खिशात. ते उठून निघाले, नजरानजर झाली आणि दुभाष्यानं विचारलं, तरच पुढचं बोलणं. दुपारी घरातली भेट लांबली तर ही जागा सरळ सोडून द्या. धावत येऊन धावत बघण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे परवडते.

संध्याकाळ

हॉटेलवर पोचलं की आधी जेवण नाही, आधी फाइली. फोटो आणि आवाज जागेनुसार फोल्डरमध्ये, नावात वेळ आणि दिशा: 'पूल_मध्य_०६२०_पूर्व'. दोन प्रती, दोन वेगळ्या बॅगांत. मग चौघांनी एकमेकांचं न बघता प्रत्येक जागेला तीन आकडे द्यायचे: चित्राला किती, आवाजाला किती, अडचणीला किती. तिथेच वाद निघतात, आणि ते आजच निघालेले बरे. कॅमेरावाला पुलाला दहापैकी नऊ देतो, साउंडवाला दोन.

त्यावरून परवानगीच्या अर्जाचा मसुदा त्याच रात्री लिहा. प्रत्येक जागेपुढे तारीख, तास, माणसं, सामान, आणि ज्याच्या सहीनं दार उघडतं त्या कचेरीचं आजचं नाव. एक राखीव दिवस अर्जातच मागा, कारण पाऊस आला तर तारीख आयत्या वेळी पुढे सरकत नाही. दुभाष्याला तो मसुदा झोपण्याआधी पाठवा, सकाळी तो जागांची नावं खुणांसकट दुरुस्त करून देईल. ड्रायव्हरला उद्याची वेळ मोबाइलवर आकड्यात लिहून दाखवा, तोंडी नको.